‘अ‍ॅलर्जी आहे’ एवढ्यावर बोळवण नको

डोळे लाल झाले, चुरचुरले, खाजले, की आपल्याकडे एकच निकाल लागतो: अ‍ॅलर्जी. दवाखान्यात लागतो, केमिस्टच्या काउंटरवर लागतो आणि त्याआधी घरातच लागलेला असतो. मग एक गोळी, सोबत थेंबांची बाटली, आणि ‘धुळीत जाऊ नका’ हा सल्ला. उखडलेले रस्ते आणि जागोजाग बांधकामं असलेल्या पुण्यात धुळीत न जाता जगायचं कसं, हे सल्ला देणारा सांगत नाही. माझं भांडण त्या निदानाशी नाही. अ‍ॅलर्जी असते; मलाही आहे. माझं भांडण आहे ते त्या निदानापाशीच थांबण्याशी. वर्षानुवर्षं अ‍ॅलर्जी भोगणाऱ्या डोळ्याला अनेकदा आणखी एक दुखणं जडलेलं असतं, कोरडेपणाचं. ते कोणी तपासत नाही. आणि अ‍ॅलर्जीवर म्हणून जे दिलं जातं, त्यातलं काही त्याच कोरडेपणात भर घालतं. रुग्ण पदरचे पैसे घालून आजार पोसत राहतो. याची मला चीड येते, आणि ती सौम्य करून सांगायची माझी तयारी नाही.

‘डोळ्यांतून धारा लागल्यात आणि तुम्ही म्हणता कोरडे?’ हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारला, शेजारच्या काकूंनी विचारला आणि एका दवाखान्यात पांढऱ्या कोटातल्या माणसानेही विचारला. नातेवाइकांचं आणि काकूंचं मी समजू शकते. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. बुबुळावर अश्रूंचा एक पातळ पडदा असतो. त्यात सगळ्यात वर तेल असतं, ते पापण्यांच्या कडेला ओळीने बसलेल्या मायबोमियन ग्रंथींतून येतं. त्याखाली पाणी, ते अश्रुग्रंथीतून. आणि तळाशी बुळबुळीत श्लेष्मा, जो डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या आवरणातल्या गॉब्लेट पेशी तयार करतात. त्याच्यामुळे पाणी बुबुळाला धरून राहतं. यातलं काहीही बिघडलं की पडदा टिकत नाही, जागोजागी फाटतो, आणि उघड्या पडलेल्या जागेतल्या नसा कळवळतात. त्या कळीला उत्तर म्हणून पाण्याचा लोंढा येतो. तो डोळ्यात ठरत नाही, गालावरून ओघळून जातो. डोळा होता तसाच राहतो. वाऱ्यात, गाडीवर, पंख्याखाली ज्यांच्या डोळ्यांना सारखं पाणी येतं त्यांतल्या कितीतरी जणांचे डोळे कोरडे असतात. नेत्रवैद्यकाच्या पाठ्यपुस्तकातली ही गोष्ट आहे. ती ठाऊक नसलेल्याने डोळ्यांवर मत देऊ नये.

आता अ‍ॅलर्जी या पडद्याचं काय करते ते बघा. परागकण, गादी-उशीतले माइट्स, भिंतीवरच्या बुरशीचे कण, मांजराच्या अंगचा कोंडा, यांतलं जे सोसत नाही ते डोळ्यात गेलं की मास्ट पेशी फुटतात आणि हिस्टामिन बाहेर पडतं. खाज, लाली, सूज हे सगळं काही मिनिटांत. पण प्रकरण तिथे मिटत नाही. काही तासांनी दाहक पेशींची दुसरी फळी येते, आणि त्यांतल्या इओसिनोफिल पेशींची रसायनं डोळ्याच्या पृष्ठभागालाच इजा करतात. ऋतूमागून ऋतू हे चालू राहिलं की श्लेष्म्याची घडी विस्कटते आणि पडदा लवकर फाटू लागतो. दुसऱ्या बाजूनेही तेच. पुरेसे आणि चांगले अश्रू आत आलेला कण धुऊन नेतात. अश्रू अपुरे पडले की तो कण तिथेच मुक्काम ठोकतो आणि अ‍ॅलर्जी आणखी भडकते. खाज सुटली म्हणून माणूस डोळे चोळतो, चोळण्यानेही मास्ट पेशी फुटतात, आणि सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

प्रत्येक रुग्णात एकामुळेच दुसरं झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही. दोन्ही सोबत नांदतात हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मायामी विद्यापीठाच्या संशोधकांनी अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या नेत्रविभागांतल्या २००६ ते २०११ या काळातल्या सुमारे ३४ लाख भेटींच्या नोंदी तपासल्या आणि २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. कोरड्या डोळ्यांचं प्रमाण सगळ्यात जास्त निघालं एप्रिलमध्ये, १८.५ टक्के. एप्रिल म्हणजे तिकडे हवेत पराग भरून राहिलेले असतात तो महिना. उन्हाळ्यात ते १३.८ टक्क्यांपर्यंत उतरलं आणि थंडीत, घरं बंद करून हीटर लावण्याच्या दिवसांत, पुन्हा चढलं. डोळे कोरडे होण्याचा परागांशी काडीचा संबंध नसता, तर एप्रिलमध्येच ही गर्दी का व्हावी? आणखी एक गोष्ट. सायक्लोस्पोरिनच्या थेंबांना अमेरिकेत २००२ साली कोरड्या डोळ्यांसाठी मंजुरी मिळाली. तेच औषध लहान मुलांच्या डोळ्यांच्या तीव्र अ‍ॅलर्जीतही वापरतात. दोन्हीकडे शमवायचा असतो तो दाहच. एवढं समोर असताना ‘एकतर अ‍ॅलर्जी, नाहीतर कोरडेपणा’ अशी वाटणी करून एकच खण उघडायचा, ही निव्वळ आळशी वैद्यकी आहे.

१८१९ साली जॉन बोस्टॉक या इंग्रज डॉक्टरने परागज्वराचं पहिलं नीट वर्णन लिहिलं, तेही स्वतःच्या दुखण्याचं. त्या निबंधाच्या शीर्षकात डोळे आधी आहेत, छाती नंतर. आपल्याकडे दोनशे वर्षांनी अ‍ॅलर्जी म्हटली की नाक पहिलं, दमा दुसरा, कातडी तिसरी. डोळ्यांची पाळी आलीच तर शेवटी.

मला नाकासाठी रोज रात्री एक गोळी चालू होती. ती लिहून देणाऱ्या कान-नाक-घसा तज्ज्ञाने डोळ्यांबद्दल विचारलं नाही. डोळ्यांचे थेंब लिहून देणाऱ्याने गोळीबद्दल विचारलं नाही. दोघांचे दवाखाने एकाच इमारतीत, एक खाली, एक वर. दोघांच्या फायली माझ्या एकाच पिशवीत. दोघांपैकी कोणीही दुसरी फाइल उघडून पाहिली नाही. हिस्टामिनला अडवणाऱ्या गोळ्या कमी-अधिक प्रमाणात अश्रुग्रंथीकडे जाणारा मज्जातंतूंचा निरोपही अडवतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांतलं क्लोरफेनिरामिन यात पुढे. सेटिरिझिन, लोराटाडिन अशा नव्या गोळ्यांत हा परिणाम कमी, पण अजिबात नाही असं नाही. या गोळ्यांनी तोंडाला कोरड पडते हे घरोघरी माहीत आहे. मग डोळ्यांना कोरड पडत असेल का, हे विचारायला कोणती पदवी लागते? ज्याचं नाक, ज्याचा दमा किंवा अंगावरचं पित्त त्या गोळीने आटोक्यात आहे त्याने ती परस्पर सोडू नये. पण त्रास मुख्यतः डोळ्यांचाच असेल तर ओलोपाटाडिन किंवा केटोटिफेनसारखे थेंब थेट डोळ्यात घालता येतात, सगळं शरीर सुकवावं लागत नाही. हा पर्याय आहे हे रुग्णाला सांगणं हे डॉक्टरांचं काम आहे, आणि ते होत नाही.

गोळीपाठोपाठ येतं पथ्य. वांगं बंद, दही बंद, आंबवलेलं बंद, शेंगदाणा बंद. वर कोणीतरी रक्ताच्या महागड्या पॅनेलची चिठ्ठी हातात ठेवतं, आणि भल्यामोठ्या यादीचा अहवाल येतो, त्यात निम्म्या स्वयंपाकघरापुढे अधिकच्या खुणा. रक्तातली अशी खूण म्हणजे त्या पदार्थाचा त्रास होतोच असं नव्हे, हे अ‍ॅलर्जीच्या शास्त्राचं अगदी मूळ तत्त्व आहे. डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीत तर दोष बहुतेक वेळा हवेतून आलेल्या कणांचा असतो, ताटातल्या भाजीचा नाही. तरीही बायका वर्षवर्ष दही खात नाहीत, आणि ज्या उशीवर रोज डोळे टेकतात तिचा अभ्रा गरम पाण्यात धुवा एवढं त्यांना कोणी सांगत नाही. गाजर गवताचं नाव कोणी घेत नाही. पुण्यात १९५०च्या दशकात नोंद झालेलं हे गवत आज राज्यभर रस्त्याच्या कडेला, पडीक प्लॉटवर, शाळांच्या मैदानाभोवती पाऊस संपता संपता पांढऱ्या फुलांनी भरून येतं. जपानमध्ये वसंत ऋतूत ‘सुगी’ नावाच्या झाडांचे पराग आज किती उडणार हे हवामानाच्या बातम्यांत सांगतात. चंडीगडच्या संशोधकांनी आपल्या शहराचं परागांचं कॅलेंडर बनवलं. आमच्या शहरातला माणूस मात्र वांगं सोडतो आणि संध्याकाळी त्याच गवताच्या कडेने फिरायला जातो.

थेंबांच्या बाटलीकडे येते. बाटलीवरची बारीक अक्षरं वाचा. भिंग लागलं तरी वाचा. बेन्झाल्कोनियम क्लोराइड हे नाव बहुतेक बाटल्यांवर सापडेल. उघडलेल्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून घातलेलं हे प्रिझर्वेटिव्ह. थोड्या दिवसांसाठी, दिवसातून एकदोनदा, बहुतेकांना ते चालतं. पण जो माणूस अ‍ॅलर्जीसाठी एक, कोरडेपणासाठी दुसरी आणि काचबिंदूसाठी तिसरी बाटली महिनोन्‌महिने वापरतो, त्याच्या डोळ्यातला तेलाचा थर हेच रसायन विस्कटतं आणि गॉब्लेट पेशींना मारतं. म्हणजे ओलावा द्यायला घातलेला थेंब ओलावा धरणारी पेशीच मारतो. प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब बाजारात आहेत, पण ते महाग पडतात, म्हणून ज्याला परवडत नाही त्याला ते आहेत हेसुद्धा सांगितलं जात नाही. त्याचा निर्णय परस्पर दुसराच कोणी घेऊन टाकतो. आणि असे थेंब बनवणाऱ्या कारखान्यांवर किती कडक नजर हवी, हे २०२३ साली दिसलं. तमिळनाडूतल्या एका कंपनीने बनवलेल्या प्रिझर्वेटिव्हविरहित कृत्रिम अश्रूंशी जोडल्या गेलेल्या जंतुसंसर्गात अमेरिकेत ८१ जण सापडले. चौघे दगावले, १४ जणांची दृष्टी गेली.

लाली घालवणाऱ्या थेंबांबद्दल फार लिहायची गरज नाही. नॅफाझोलिनसारखं औषध रक्तवाहिन्या आवळतं, डोळा तासभर पांढराशुभ्र दिसतो, औषध उतरलं की आधीपेक्षा लाल होतो, आणि माणूस पुन्हा बाटली उघडतो. रोग आहे तिथेच.

आणि हे सगळं टाळायला लागतं काय? एका दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरणीने माझ्यावर केलं ते सांगते. तिने कागदाची एक अरुंद पट्टी काढली, खाचेपाशी दुमडली आणि खालची पापणी हलकेच ओढून बाहेरच्या बाजूला अडकवली. पाच मिनिटं. पट्टी किती मिलिमीटर भिजली ते मोजायचं, बस. ऑटो शिर्मरने १९०३ साली सांगितलेली ही चाचणी. पाच मिलिमीटरसुद्धा भिजली नाही तर पाण्यात मोठी खोट आहे असं धरतात. ही चाचणी अचूकतेची पराकाष्ठा नाही, आणि एकट्या तिच्यावर निदान करूही नये. म्हणून तिने नंतर थोड्या वेळाने नारिंगी रंगाची दुसरी पट्टी पापणीच्या आत टेकवली, मला एकदा पापणी लवायला सांगितली आणि निळा दिवा लावला. रंगलेला पडदा त्या प्रकाशात हिरवा चमकतो. ‘आता पापणी लवू नका, ताई,’ म्हणाली आणि मोजू लागली. त्या हिरव्यात काळे डाग उमटतात तिथे पडदा फाटलेला असतो. दहा सेकंदांच्या आत फाटला तर पडदा कच्चा. माझा फार लवकर फाटला. मग तिने पापणीची कड बोटाने दाबून तेल कसं येतं ते पाहिलं. आणि शेवटी विचारलं, ‘गोळ्या कुठल्या कुठल्या चालू आहेत? सगळ्या सांगा, झोपेच्या, पित्ताच्या, सगळ्या.’ एवढंच. यात ना लाखाचं यंत्र लागलं, ना परदेशी प्रयोगशाळा. आधीच्या दवाखान्यांत याच पट्ट्या कपाटात पडून होत्या.

‘एका ओपीडीत शंभर पेशंट असतात, वेळ कुठून आणायचा?’ हे उत्तर मी ऐकलं आहे. सरकारी रुग्णालयात मी ते मान्य करते, तिथे डॉक्टर वाढवा म्हणून भांडेन. पण तपासणीची भरभक्कम फी घेणाऱ्या खाजगी दवाखान्याने हे तोंड उघडून सांगू नये. आणि प्रश्न विचारायला तर पट्टीसुद्धा लागत नाही. खाज जास्त की चुरचुर? खाज प्रामुख्याने असेल तर अ‍ॅलर्जीकडे बघा, वाळू गेल्यासारखं खुपत असेल आणि संध्याकाळी वाढत असेल तर कोरडेपणाकडे बघा, आणि दोन्ही असेल तर दोन्हीकडे बघा. तोंडही कोरडं पडतं का? सांधे दुखतात का? या शेवटच्या दोन प्रश्नांवर मी अडून बसणार आहे. स्वीडनच्या हेन्रिक श्योग्रेनने १९३३ साली ज्या आजाराचं सविस्तर वर्णन केलं, त्यात शरीराचीच प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते. त्याच्या रुग्णांत बहुसंख्य बायका असतात, बऱ्याचशा मध्यमवयीन. कोरडे घास पाण्याशिवाय उतरत नाहीत, डोळे खुपतात, अंग मोडून येतं; आणि त्या बाईला वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, अ‍ॅलर्जी आहे, वय झालं, मोबाइल कमी बघा. तिला नेत्रतज्ज्ञाने संधिवाताच्या डॉक्टरकडे पाठवायला हवं असतं. पाठवलं जातं चष्म्याच्या दुकानात.

मोबाइलवर खापर फोडणं हीदेखील तशीच पळवाट. स्क्रीनकडे टक लावली की पापण्या कमी लवतात हे खरं, एसीची हवा सुकवते हेही खरं. पण मळणीयंत्राच्या तोंडाशी उभी राहून भुसा अंगावर घेणाऱ्या बाईच्या हातात कुठला मोबाइल? चुलीच्या धुरात तिचा निम्मा जन्म गेला, जिनिंगमध्ये काम करणाऱ्या तिच्या बहिणीच्या पापण्यांवर कापसाची तूस बसलेली असते. तिचे डोळे लाल असतात ते ‘धूळ गेली’ म्हणून. ती गुलाबपाणी घालते, कोणी मध घाल म्हणालं तर मध घालते. दोन्ही निर्जंतुक नाहीत, दोन्हींनी जखमी बुबुळाला संसर्ग होऊ शकतो. तिला एक साधा बंद चष्मा आणि स्वच्छ थेंब मिळावेत अशी योजना मी कुठे ऐकलेली नाही.

सगळ्यात वाईट गोष्ट शेवटी राहिली. केमिस्टच्या दुकानात उभं राहा आणि बघा. बाई येते, सोबत आठ-नऊ वर्षांचा मुलगा, डोळे लाल, सारखा मुठीने चोळतोय. ‘दादा, याचे डोळे परत आलेत, मागचेच ड्रॉप्स द्या.’ दादा मागचेच देतो. खोक्यावर उभी लाल रेघ आहे, शेड्यूल एचचा इशारा आहे, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असा कायदा आहे. चिठ्ठी कोणी मागत नाही. त्या बाटलीत अँटिबायोटिकच्या जोडीला डेक्सामेथासोन आहे, म्हणजे स्टिरॉइड. दोन दिवसांत डोळे पांढरे होतात, आई खूश, दादाचं नाव होतं. २०२३च्या पावसाळ्यात आळंदीपासून राज्यभर डोळ्यांची साथ पसरली तेव्हाही हेच घडलं. साथ विषाणूची, आणि दुकानांतून वाट्टेल ते थेंब चिठ्ठीविना जात होते.

या मुलाला बहुधा स्प्रिंग कटार असतो, डोळ्यांची जुनाट अ‍ॅलर्जी. आपल्यासारख्या उष्ण, कोरड्या, धुळीच्या मुलखात ती खूप दिसते, मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त, आणि अनेकांत वयात येताना आपोआप ओसरते. म्हणजे तोवरची काही वर्षं डोळा सांभाळायचा असतो. चोळून चोळून कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येऊ शकतो, त्यासाठी खाज आवरणारे थेंब हवेत, थंड पाण्याची पट्टी हवी, कृत्रिम अश्रू हवेत. गरज पडली तर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमस आहे. स्टिरॉइडही कधीकधी लागतंच, पण मोजून, डॉक्टरच्या नजरेखाली, थोड्या दिवसांपुरतं. आई घालते ते महिनोन्‌महिने, प्रत्येक लालीला. त्याने डोळ्याचा दाब वाढतो. दुखत नाही, लाल होत नाही, मुलगा तक्रार करत नाही. आत नस मरत जाते. काचबिंदूने गेलेली नजर कोणत्याही ऑपरेशनने परत येत नाही. अ‍ॅलर्जी वयाबरोबर गेली असती, आणि औषधाने डोळा नेला.

याला जबाबदार त्या आईला धरणाऱ्याची मला लाज वाटते. जबाबदार आहे तो पहिल्यांदा ही बाटली लिहून देताना ‘किती दिवस’ आणि ‘परत कधी दाखवायचं’ हे न लिहिणारा डॉक्टर. चिठ्ठी न मागणारा दुकानदार. आणि वर्षभरात एकदाही गिऱ्हाईक म्हणून त्या दुकानात न शिरणारा औषध निरीक्षक. औषधनियम १९४५पासून आहेत. नवा कायदा कोणी मागत नाही. दुकानांत साध्या वेशातली माणसं पाठवा, चिठ्ठीविना स्टिरॉइडचे थेंब दिले तर परवाना अडकवा, आणि शाळांच्या आरोग्य तपासणीत नंबरचा तक्ता लावता तिथेच ‘डोळे सारखे चोळतो का, घरी कुठले थेंब घालता’ हे दोन प्रश्न घाला. ज्यांच्या घरात अशी बाटली आहे त्यांनी सरकारची वाट बघू नये. बाटली पिशवीत घालून नेत्रतज्ज्ञाकडे न्या, नाव दाखवा, किती महिने घालताय ते सांगा, आणि मुलाच्या डोळ्याचा दाब मोजून घ्या.